पडताळणीचे काम ठेक्यात घालू नका

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय कार्यालये, शाळा, आश्रमशाळा व रुग्णालयांत ठेकेदारामार्फत येणाऱ्या कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी

महोदय,



मी पेणचा. शासकीय नोकरीतली माझी जवळजवळ सगळी वर्षे आस्थापना शाखेत गेली, त्यातली बरीच रोह्याला. नवीन माणूस रुजू झाला की त्याच्याकडून साक्षांकन नमुना भरून घेणे हे माझे काम. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात उमेदवाराने नाव, जन्मगाव, राहून गेलेले सगळे पत्ते, शिक्षण, आधीची नोकरी हे सगळे स्वतःच्या अक्षरात लिहायचे असते. कधी अटक झाली होती का, खटला झाला का, शिक्षा झाली का, या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. मग तो नमुना आमच्या कार्यालयातून पोलिसांकडे जायचा, पोलीस ठाण्यातून बीट हवालदार गावात जायचा, पोलीस पाटलाला विचारायचा, शेजाऱ्याला विचारायचा आणि अहवाल परत आमच्याकडे यायचा. उमेदवाराच्या हाती तो कागद मधे कुठेही पडत नसे. पडताळणी म्हणजे हीच होती. ज्याची तपासणी करायची त्याच्या किंवा त्याच्यापासून फायदा होणाऱ्याच्या हातून कागद फिरू नये, एवढी साधी गोष्ट.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत ही साधी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर मोडली. म्हणून हे पत्र.

शिपाई, सफाईगार, पहारेकरी, वाहनचालक, संगणक चालक, स्वयंपाकी ही पदे एकेक करून बाह्ययंत्रणेकडे गेली. ई-निविदा निघते, कमी दराच्या ठेकेदाराला कार्यादेश मिळतो, तो माणसे पाठवतो, महिन्याच्या महिन्याला देयक सादर करतो. देयकासोबत जोडायच्या कागदांची एक तपासणी सूची असते. हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीचे चलन, कर्मचारी राज्य विमा योजनेचे चलन आणि खाली कुठेतरी एक रकाना : ‘कर्मचाऱ्यांचे चारित्र्य दाखले जोडले आहेत काय? होय / नाही.’

एका देयकाची फाइल माझ्या टेबलावर आली होती. चौदा माणसे, चौदा दाखले, सगळ्या झेरॉक्स प्रती. मी सवयीने एकेक पान उलटत होतो. नववे पान पाहिले आणि पुन्हा तिसऱ्या पानावर गेलो. दोन्हींवर जावक क्रमांक एकच, तारीखही एकच, शिक्क्याचा तिरपेपणाही तोच. नाव आणि फोटो मात्र वेगळे. ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाला बोलावले. तो म्हणाला, ‘झेरॉक्सवाल्याकडे काहीतरी घोळ झाला असेल साहेब, उद्या दुसरा आणून देतो.’ दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा आणला. तो बरोबर दिसत होता. मी टिप्पणीत सगळे लिहिले आणि मूळ दाखला पोलीस ठाण्याकडून पडताळून घ्यावा असे सुचवले. देयक निघाले. माझ्या टिप्पणीवर पुढे काय झाले ते मला शेवटपर्यंत कळले नाही. ज्याचा दाखला बदलून आणला तो माणूस तोवर दीड महिना मुलांच्या वसतिगृहात रात्रपाळीला होता.

त्या माणसाने काही वाईट केले असे मी म्हणत नाही. बहुधा तो गरीब, सरळ माणूस असेल आणि दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवणे त्याला परवडले नसेल. मला झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. त्याच्याबद्दल शासनाला काहीच माहीत नव्हते आणि आमची सूची मात्र सांगत होती, ‘होय.’

महोदय, बदलापूर आपण विसरला नसाल. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. आरोपी सफाईच्या कामावरचा माणूस होता, ठेक्यावर आलेला, शाळेत येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर बसले आणि दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि बाह्ययंत्रणेच्या कर्मचाऱ्यांसह सर्वांची चारित्र्य पडताळणी त्यात आली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्तींसह एक समिती नेमली. हे सगळे चांगले झाले. पण ते नवीन नव्हते, ही गोष्ट मला जास्त बोचते. केंद्राचे पॉक्सो नियम मार्च 2020 मध्येच आले होते. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची, नियमित असोत वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बदलापूरच्या आधी चार वर्षे नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाच्याही अंगावर पक्की बसलेली नव्हती.

आपल्या रायगडात हा प्रश्न किती जवळचा आहे ते पाहा. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे डोंगराकडेला आहेत. तिथे राहणारी मुले आईबापांपासून लांब, बोलायला संकोचणारी. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालये आहेत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, तिथे रात्रीच्या पहाऱ्यावरचा माणूस कोण आहे हा प्रश्न सगळ्या कुंडलिका खोऱ्याच्या सुरक्षिततेचा आहे. खाजगी पहारेकऱ्यांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे आणि नेमण्यापूर्वी चारित्र्य व पूर्वचारित्र्याची खात्री करून घ्यावी असे त्यात सांगितले आहे. ही खात्री करायची कोणी? एजन्सीने. नेमणारीही तीच, पैसे मिळवणारीही तीच.

माणूस पुरवण्यात ज्याचा नफा आहे, त्यानेच तो माणूस चांगला असल्याचा कागद आणायचा, ही रचनाच चुकीची आहे. ठेकेदार वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. चांगले ठेकेदार मी पाहिले आहेत, माणसाला अपघात झाला तर स्वतः पनवेलपर्यंत धावणारे. पण कमी दराने काम घेतलेल्या माणसाला कार्यादेश मिळाल्यापासून आठ दिवसांत वीस जण हजर करायचे असतात. पडताळणीला लागणारा वेळ आणि खर्च निविदेच्या दरात कुठेही धरलेला नसतो. मग ज्याचा दाखला तयार आहे तो आधी येतो, ज्याचा नाही त्याचा ‘नंतर देतो’ म्हणून राहतो आणि तो नंतर कधी येईल हे देयक अडेपर्यंत कोणी विचारत नाही.

आता मंत्रालयात दुसरा विचार सुरू होईल याची मला भीती आहे. पोलिसांवर ताण आहे, मनुष्यबळ कमी आहे, तेव्हा पडताळणीचे कामच निविदा काढून एखाद्या एजन्सीला द्यावे. खाजगी कंपन्या आपल्या नोकरांसाठी हे करतातच. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने शासकीय पदांसाठी नऊ एजन्सी नेमल्या होत्या, तो निर्णय लोकांनी विरोध केल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. तेव्हा बाहेरून करून घेण्याची ओढ किती आहे हे आपण पाहिले आहे. म्हणून ज्या देशाने ही वाट चालून पाहिली त्याचे काय झाले ते सांगतो.

अमेरिकेने 1996 मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांची पूर्वचारित्र्य चौकशी करणारी आपलीच शाखा वेगळी काढून तिची कंपनी केली. यू. एस. इन्व्हेस्टिगेशन्स सर्व्हिसेस हे तिचे नाव. सरकारच्या गुप्त कागदांपर्यंत पोहोचणाऱ्या माणसांची चौकशी करून अहवाल द्यायचा, अहवालामागे पैसे घ्यायचे. पुढे तिच्याच एका कर्मचाऱ्याने न्यायालयात तक्रार केली. सरकारच्या न्याय खात्याने त्यात उडी घेऊन जानेवारी 2014 मध्ये आपली तक्रार दाखल केली तेव्हा आरोप असा होता की 2008 ते 2012 या काळात किमान 6 लाख 65 हजार चौकशा, म्हणजे त्या काळातल्या सुमारे 40 टक्के, नीट तपासल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणून सरकारकडे ढकलल्या गेल्या. महिनाअखेर गाठायची, ठरलेला आकडा भरायचा, यासाठी. कंपनीने 2015 मध्ये आपल्या येणे रकमेतले 3 कोटी डॉलर सोडून तडजोड केली. तोवर तिचे ठेके गेले होते आणि तिची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली होती.

याच कंपनीने एडवर्ड स्नोडेनची चौकशी केली होती. 16 सप्टेंबर 2013 रोजी वॉशिंग्टनच्या नौदल तळावर 12 जणांना मारणाऱ्या माणसाचीही तिनेच केली होती. तोही कंत्राटी कामगारच होता. त्याने पूर्वी सिएटलमध्ये रागाच्या भरात दुसऱ्याच्या गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या होत्या. सरकारकडे पोहोचलेल्या अहवालात बंदुकीचा उल्लेख नव्हता, टायरमधली हवा घालवली एवढेच होते. तिथल्या पोलीस ठाण्यात जाऊन मूळ नोंद कोणी वाचली असती तर ती एक ओळ बदलली असती. पुढे 2015 मध्ये कळले की त्या देशाच्या मनुष्यबळ कार्यालयातून या चौकशांची माहितीच चोरीला गेली आहे, 2 कोटी 15 लाख माणसांची. कोणाचे कर्ज, कोणाचा आजार, कोणाचे नातेवाईक कुठे, सगळे.

आपल्याकडे एजन्सीला हे काम दिले तर पेणच्या एखाद्या मुलीचा पत्ता, फोन, आधार क्रमांक आणि तिच्याबद्दल शेजाऱ्यांनी सांगितलेले बरेवाईट, हे सगळे कुठल्या संगणकात बसेल? पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो हक्क आठ-दहा हजार रुपये पगाराच्या कंत्राटी बाईलाही आहे.

कोणी म्हणेल, सरकारने स्वतः पडताळणी केली म्हणजे काय सगळे धुतल्या तांदळासारखे निघते? नाही. रायगडकराला हे सांगावे लागत नाही. 1993 साली दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर जी शस्त्रे आणि स्फोटके उतरली, ती आमच्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून पुढे गेली. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. तो माल जाऊ दिला म्हणून सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातली माणसे टाडा न्यायालयात दोषी ठरली. ती सगळी कायम नोकरीतली होती, प्रत्येकाच्या सेवापुस्तकात पडताळणीचा शेरा असणार. पेणकरांनी दुसरा अनुभव 2010 साली घेतला. पेण अर्बन बँक बंद पडली, बोगस नावांची कर्जखाती उघडकीला आली, सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. माझ्या आळीत अशी घरे आहेत जिथे मुलीच्या लग्नाचे पैसे त्या बँकेत होते. म्हणून मी असे म्हणत नाही की हवालदाराच्या सहीने सगळे भागते. मी एवढेच म्हणतो की हवालदाराने चूक केली तर त्याला नाव, बक्कल क्रमांक आणि वरिष्ठ असतो. त्याला विचारता येते, निलंबित करता येते, कोर्टात उभे करता येते. ठेक्याची मुदत संपली की एजन्सी निघून जाते, कधी कधी वेगळ्या नावाने परत येते.

आणि ठेकेदारी पूर्ण नाकारा असेही माझे म्हणणे नाही. पासपोर्टचे उदाहरण घ्या. 2008 मध्ये ते काम टाटा कन्सल्टन्सीला दिले गेले. सेवा केंद्रात गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे : पहिल्या खिडकीवर कंपनीची माणसे कागद घेतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. पुढच्या दोन खिडक्यांवर सरकारी अधिकारी बसतात, कागद तेच तपासतात, मंजुरीही तेच देतात. पोलीस पडताळणी पोलीस ठाण्यातूनच होते. संगणक कंपनीचा, निर्णय शासनाचा. हीच रेघ चारित्र्य पडताळणीला का नसावी?

आता ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यात जास्त हे पत्र लिहितो आहे, तिच्याकडे येतो. पडताळणी कडक करा म्हटले की तिचा पहिला मार गरिबावर बसतो, हे मी टेबलामागे बसून पाहिले आहे.

पेण, रोहा, सुधागडच्या कातकरी वाड्या आपण पाहिल्या असतील. राज्यातल्या तीन अतिदुर्बळ आदिम जमातींत कातकरी येतात. दिवाळी झाली की वाडीतली बहुतेक घरे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता समजा त्यातल्या एका पोराने आश्रमशाळेत बारावी केली, ठेकेदाराकडे पहारेकऱ्याच्या कामासाठी अर्ज दिला. हवालदार जानेवारीत वाडीवर गेला. दाराला कुलूप, शेजारच्या दाराला कुलूप, एक म्हातारी अंगणात शेंगा सोलत बसलेली. ती म्हणाली, भट्टीवर गेलेत. अहवालात लिहिले गेले : ‘नमूद पत्त्यावर आढळून आला नाही.’ अशी पाच शब्दांची ओळ मी एका फाइलमध्ये वाचली आहे. तिच्यामुळे त्या फाइलमधल्या मुलाचे काम गेले. त्याला हे कोणी सांगितलेही नाही. ठेकेदाराने फक्त दुसरा माणूस घेतला.

दुसरा प्रकार गुन्ह्यांच्या नोंदीचा. पेण तालुक्याने महामुंबई सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) लढा दिला. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शासनानेच शेतकऱ्यांचे मत घेतले. असा हा तालुका. इथे रस्त्यावर उतरलेल्या माणसावर मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा लागणे नवलाचे नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे आदेश आणि 135 खालचा गुन्हा हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. वीस वर्षांच्या पोराने घोषणा दिल्या, नाव नोंदले गेले, प्रकरण कुठे मिटले कोणाला ठाऊक नाही. दहा वर्षांनी दाखल्यावर मात्र ‘गुन्हा दाखल आहे’ असा शेरा.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर मायेने विचार केला आहे. दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या संदीप कुमार खटल्यात 2011 साली न्यायालयाने म्हटले की तरुण वयातल्या किरकोळ चुकांकडे सुधारण्याच्या नजरेने पाहावे. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात तर तीन न्यायमूर्तींनी सविस्तर तत्त्वे घालून दिली आणि किरकोळ गुन्ह्याचे उदाहरण देताना तरुण वयात दिलेल्या घोषणांचाच उल्लेख केला. पण हे संरक्षण कोणाला? ज्याला शासन नोकरीवर घेते त्याला. त्याला नोटीस मिळते, खुलासा करता येतो, न्यायाधिकरणात जाता येते. ठेक्यावरच्या माणसाला उद्यापासून येऊ नकोस एवढेच सांगितले जाते. काम तो शासनाचेच करतो. रुग्णालयाचा मजला तोच पुसतो, मुलांचे दार तोच राखतो. पण कायद्याच्या मायेचे पांघरूण ठेकेदाराच्या दारापर्यंत येऊन थांबते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शासकीय जागेत काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी माणसाची पडताळणी कार्यालयाने स्वतः मागवावी. साक्षांकन नमुना कार्यालयात भरून घ्यावा, तो थेट पोलीस ठाण्याला जावा, अहवाल थेट कार्यालयाला यावा. ठेकेदाराकडून दाखल्याची झेरॉक्स स्वीकारणे बंद करावे. पडताळणीचा खर्च निविदेत वेगळ्या बाबीत धरावा, म्हणजे कमी दर भरण्यासाठी कोणाला तो वाचवता येणार नाही. अहवाल येईपर्यंत मुलांच्या, रुग्णांच्या जवळच्या कामावर नेमणूक देऊ नये आणि पॉक्सो नियमांनी सांगितल्याप्रमाणे तो ठराविक काळाने पुन्हा मागवावा. पोलीस ठाण्यात यासाठी एक माणूस वेगळा द्यावा. ठाणे अंमलदाराला बंदोबस्त सांभाळून हे करायला लावू नये. गावातली पडताळणी पोलीस पाटलाला विचारल्याशिवाय पूर्ण धरू नये. 1967 च्या कायद्याने तो गावात आहे, कोणाचे घर कधी बंद असते आणि का, हे त्याच्याइतके कोणाला माहीत नाही.

आणि अहवाल विरुद्ध गेला तर तो त्या माणसाला दाखवावा. मराठीत, त्याच्या हातात. काय लिहिले आहे ते त्याला वाचता यावे, त्यावर पंधरा दिवसांत म्हणणे मांडता यावे आणि ते म्हणणे उपविभागीय पातळीवर कोणीतरी वाचावे. पत्त्यावर सापडला नाही म्हणजे वाईट, असा अर्थ लावू नये. दोषमुक्त झालेल्या, मागे घेतलेल्या आणि घोषणा दिल्याच्या प्रकरणांवरून काम नाकारू नये. मुलांवरच्या, स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या नोंदींबाबत मात्र अजिबात सूट नको.

हे सगळ्या राज्यात एकदम होणार नाही हे मला कळते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपासून सुरू करा. इथे आश्रमशाळा आहेत, रुग्णालये आहेत, कारखाने आहेत, वाड्या आहेत. जे इथे जमेल ते बाहेरही जमेल. आस्थापना शाखेतले निवृत्त लोक आम्ही बरेच जण इथेच राहतो. नमुने कसे भरून घ्यायचे, अहवालातली कोणती ओळ संशयाने वाचायची, हे नव्या कारकुनांना शिकवायला आम्ही मोबदला न घेता येऊ.

आपण या पत्राला उत्तर दिले नाही तरी चालेल. पण जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एवढे करा : रायगडमधल्या प्रत्येक आश्रमशाळेत आणि वसतिगृहात रात्री कोण माणूस झोपतो आणि त्याच्याबद्दल पोलिसांनी स्वतः काय लिहून दिले आहे, याची यादी मागवा.

आपला नम्र,
आस्थापना शाखेतला एक निवृत्त अव्वल कारकून
पेण, जि. रायगड